'ॲक्ट्रेस' गेली, 'बॅट्समन' गेला... इंग्रजी पदनामांचं चाललंय काय?

खारीबुंदी

परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजी मजकूर तपासणं हा माझा रोजचा उद्योग. या धंद्यात प्रत्येक कंपनीची स्वतःची 'स्टाइल शीट' (काय कसं लिहायचं याचे नियम) असते आणि तिच्यातला पदनामांचा तक्ता दरवर्षी लांबत चाललाय. चेअरमन नको, चेअर लिहा. फायरमन नको, फायरफायटर. पोलिसमन नको, पोलिस ऑफिसर. स्टुअर्डेस तर नकोच नको, फ्लाइट अटेंडंट. 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे अभिनेत्रीसुद्धा 'ॲक्टर'च. 'ॲक्ट्रेस' फक्त पुरस्काराच्या नावात असेल तेव्हा. आमच्या ऑफिसात निम्मे लोक याला थेरं म्हणतात आणि उरलेले निमूटपणे 'फाइंड अँड रिप्लेस' मारतात. मला ही थेरं वाटत नाहीत, म्हणून हा धागा.

जुन्या इंग्रजीत बाईच्या धंद्याला वेगळं नाव असायचं. विणणारी ती वेबस्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर, बिअर करणारी ब्रूस्टर. शेवटचं 'स्टर' ही स्त्रीलिंगाची खूण. पुढे या धंद्यांत पुरुष शिरले, खूण पुसली गेली, आणि आज ही नुसती आडनावं उरलीत. सूत कातणारी 'स्पिन्स्टर' तेवढी बाई राहिली, पण ती झाली घोडनवरी! इंग्लंडच्या विवाह नोंदणीत अविवाहित बाईपुढे हा शब्द २००५ पर्यंत लिहीत. चरखा कधीच सुटला होता, शिक्का राहिला.

मग फ्रेंचकडून 'एस' हा प्रत्यय आला. पोएटेस, ऑथरेस, चक्क 'डॉक्ट्रेस' सुद्धा. रिबेका ली क्रम्पलर, अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर, १८६४ साली बोस्टनमध्ये उत्तीर्ण झाल्या तेव्हा त्यांच्या पदवीचं नाव होतं 'डॉक्ट्रेस ऑफ मेडिसिन'. आपल्या आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून सरळ एम.डी. झाल्या, त्यांना ते शेपूट लागलं नाही.

या प्रत्ययाच्या जोड्या लावून बघा. गव्हर्नर राज्य चालवतो, गव्हर्नेस पोरं सांभाळते. मास्टर म्हणजे धनी, आणि मिस्ट्रेस म्हणजे... जाऊ दे.

आणि हे सगळं सोशल मीडियाने सुरू केलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ब्रिटनच्या १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात कलम ३८ होतं. नोकरीच्या जाहिरातीत 'वेटर', 'सेल्सगर्ल', 'पोस्टमन', 'स्टुअर्डेस' असा शब्द वापरला आणि जाहिरातीतच उलट खुलासा केला नाही, तर भेदभावाचा हेतू आहे असंच धरायचं. हे चारही शब्द कलमातच उदाहरण म्हणून दिलेले होते. अमेरिकेत तर वर्तमानपत्रात 'पुरुष पाहिजेत' आणि 'स्त्रिया पाहिजेत' असे दोन रकानेच असायचे. पिट्सबर्गमधल्या एका वर्तमानपत्राचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्या रकान्यांवरची बंदी टिकली.

माझं म्हणणं एवढंच: एकाच कामाला दोन नावं असली की त्यांच्या आडोशाला दोन नियम आणि दोन पगार सुखाने नांदतात. नाव एक केलं की ते उघडे पडतात. पटत नसेल तर बोला.

चहाबाज

मी पयला!

'चेअर' लिहायचं म्हणजे उद्या बातमीत "खुर्चीने नाराजी व्यक्त केली" येणार. आणि २०२१ च्या जानेवारीत अमेरिकन संसदेत इमॅन्युएल क्लीव्हर नावाच्या सदस्यांनी प्रार्थनेच्या शेवटी "आमेन अँड अ-वुमन" म्हटलं होतं ते आठवतंय का? आमेनमधला 'मेन' हा पुरुष नाही हो, तो हिब्रू 'तथास्तु' आहे. आणि बोलणारा स्वतः पाद्री!

रेघोट्या

@चहाबाज, सभेत "ॲड्रेस द चेअर" म्हणायची रीत इंग्रजीत शेकडो वर्षांची आहे. खुर्ची आधीपासून बोलतेच आहे. आपल्याकडेही लोक खुर्चीलाच नमस्कार करतात. :)

सातपुडा

धागा माहितीपूर्ण, पण मूळ मुद्दा मान्य नाही.

जुन्या इंग्रजीत 'मान' म्हणजे माणूस, कोणीही. पुरुषाला 'वेर' म्हणत, तो आता ओळखू येतो तो 'वेअरवुल्फ'मध्ये. स्त्रीला 'वीफ'. 'वीफमान'चंच पुढे 'वुमन' झालं. तेव्हा चेअरमनमध्ये पुरुष बसलाय हा शोध अर्धवट व्युत्पत्तीतून लागलेला आहे. कायद्यातही 'ही' (he) म्हटलं की त्यात 'शी' (she) येते, हे इंग्लंडच्या संसदेने १८५० मध्येच लिहून ठेवलं. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही तेच आहे. एवढं असताना पाट्या रंगवत बसण्यापेक्षा पगार वाढवा की.

अमेरिकेतल्या बर्कली शहराने २०१९ मध्ये 'मॅनहोल'चं 'मेंटेनन्स होल' केलं. आत उतरणाऱ्याला काय फरक पडला?

कोर्टकचेरी

@सातपुडा, जनरल क्लॉजेस ॲक्टचं नाव काढलंत म्हणून लिहितो. नाहीतर मी इथे फक्त वाचनमात्र असतो.

१९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. प्रकरण कलकत्ता हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे गेलं. त्यांच्या बाजूचा मुद्दा अगदी तुम्ही म्हणता तोच होता: पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंग येतं असं कायदाच सांगतो. पीठाने अर्ज फेटाळला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यापुढे स्त्री वकील नव्हतीच, म्हणून 'ही' मध्ये 'शी' येत नाही! म्हणजे कर भरायचा असेल, शिक्षा व्हायची असेल तेव्हा 'ही' मध्ये बाई बसते आणि सनद द्यायची वेळ आली की तिला बाहेर काढतात. १९२३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला तेव्हा कुठे दार उघडलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. ऑक्सफर्डने पदवी हातात दिली १९२२ मध्ये.

आता धागाकर्तीच्या मुद्द्याला पुष्टी देणारी, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी केस. एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा, सुप्रीम कोर्ट, १९८१.

विमानाच्या केबिनमध्ये काम करणाऱ्या बायका होत्या 'एअर होस्टेस' आणि पुरुष होते 'असिस्टंट फ्लाइट पर्सर'. पर्सर निवृत्त व्हायचा ५८ व्या वर्षी. होस्टेस ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी घडेल ते. ३५ नंतर मुदतवाढ मिळायची ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने.

कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली, आणि तीही कडक शब्दांत. मर्जीचा अधिकारही काढला. पण लग्नाची अट टिकली. आणि समानतेचं काय? कोर्ट म्हणालं, होस्टेस आणि पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत. भरती वेगळी, बढतीची शिडी वेगळी, त्यामुळे त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. तुलना नाही तर भेदभावही नाही.

आता सांगा, पाटी रंगवण्याने फरक पडतो की नाही? संवर्ग वेगळा म्हणून नियम वेगळे, आणि संवर्ग वेगळा का, तर मुळात बायकांना एका नावाखाली भरलं आणि पुरुषांना दुसऱ्या. पुढे २००५ मध्ये एअर इंडियाने बायकांनाही 'इनफ्लाइट सुपरव्हायझर' होण्याची वाट उघडली तर पुरुष कर्मचारी कोर्टात गेले. ते २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. एका नावाभोवतीची भिंत पाडायला एवढी वर्षं.

पिंपळपान

बाप रे. ही केस माहीत नव्हती. माझी आत्या त्या काळात एअर होस्टेस होती, 'लग्न केलं आणि सोडली' एवढंच घरात ऐकलेलं. सोडली की सोडावी लागली हे कोणी विचारलंच नाही.

खारीबुंदी

@कोर्टकचेरी, अप्रतिम प्रतिसाद. याचीच अमेरिकन बाजू जोडते. विमानात सुरुवातीला पुरुष 'स्टुअर्ड' होते. १९३० मध्ये एलेन चर्च ही नर्स पहिली स्टुअर्डेस झाली, आणि बघता बघता हे काम बायकांचंच होऊन बसलं. इतकं की सेलिओ डियाझ नावाच्या माणसाला पॅन ॲमने पुरुष म्हणून नोकरी नाकारली. प्रवाशांना धीर देणं बायकांनाच चांगलं जमतं, असा कंपनीचा युक्तिवाद. १९७१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की विमान कंपनीचं मूळ काम माणसं सुखरूप पोचवणं हे आहे. डियाझ जिंकले आणि केबिनमध्ये पुरुष परत आले. आता त्यांना काय स्टुअर्डेस म्हणणार? 'फ्लाइट अटेंडंट' हे नाव रूढ व्हायला बायकांच्या भावनांइतकीच या पुरुषांची सोयही कारणीभूत आहे, हे कोणी बोलत नाही.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) रुग्णालयात नर्स आहे. धाग्यातलं बरंचसं पटलं, पण एक उलट उदाहरण देते.

आमच्याकडे वॉर्डची प्रमुख बाई असेल तर ती 'सिस्टर' आणि पुरुष असेल तर तो 'चार्ज नर्स'. नावं वेगळी, बँड (वेतनश्रेणी) एकच, पगार एकच, कामही तेच. तेव्हा प्रत्येक वेगळ्या नावामागे वेगळा पगार असतोच असं नाही. आणि गंमत म्हणजे इथल्या कित्येक जणींना 'सिस्टर' हे नाव सोडायचं नाहीये. ते कष्टाने मिळवलेलं पद आहे. गडद निळा गणवेश घालून वॉर्डात शिरलं की ज्युनियर डॉक्टरसुद्धा जरा सावरून उभे राहतात. 'वॉर्ड मॅनेजर' म्हटलं की तो दरारा जातो असं त्या म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

पेशंट तर पुरुष नर्सलाही हाक मारताना अडखळतात. मी मिरजेत शिकत असताना आम्ही सरळ 'ब्रदर' म्हणायचो, कोणाला काही वाटायचं नाही. इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर त्यांना ते मठातलं वाटलं.

पोलिसांत मात्र तुमचा नियम लागू पडतो. लंडन पोलिसात बायकांची शाखाच वेगळी होती, १९७३ मध्ये ती मुख्य दलात मिसळली. तरी 'डब्ल्यूपीसी' (वुमन पोलिस कॉन्स्टेबल) मधला तो 'डब्ल्यू' १९९९ पर्यंत चिकटून होता. शाखा गेल्यावरही अक्षर पंचवीसेक वर्षं टिकलं.

लेगबाय

क्रिकेटवाले कुठे गेले सगळे? क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या एमसीसी क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत 'बॅट्समन' काढून 'बॅटर' घातलं, लगेच पुढच्या महिन्यातल्या टी-२० विश्वचषकापासून आयसीसीनेही तेच सुरू केलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर इडली-डोशाच्या पिठाचे (इंग्रजीत तेही 'बॅटर'च) जोक दोन दिवस चालले होते.

पण याच एमसीसीने २०१७ मध्ये नियम नव्याने लिहिले तेव्हा 'बॅट्समन' तसाच ठेवला होता, महिला क्रिकेटमधल्यांशी चर्चा करून! चार वर्षांत काय बदललं? खेळ बदलला. २०१७ चा महिला विश्वचषक, लॉर्ड्सवर भरगच्च अंतिम सामना, मग ऑस्ट्रेलियात २०२० ला मेलबर्नवर ८६ हजार लोक. एवढ्या प्रेक्षकांपुढे "शी इज अ गुड बॅट्समन" म्हणणं समालोचकालाच विचित्र वाटायला लागलं. शब्द नंतर बदलला, आधी स्टेडियम भरलं. आणि एमसीसीने बायकांना सभासद करून घेतलं कधी? १९९८ मध्ये. तोवर लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमधल्या लाँगरूममध्ये बायकांपैकी राणीचं आणि नोकरवर्गाचंच काय ते चालायचं.

आपण मराठीत नशीबवान. स्मृती मंधाना फलंदाज, रोहित शर्माही फलंदाज. गोलंदाजही तसंच. फारसीच्या कृपेने हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही.

रेघोट्या

@लेगबाय, पडला नाही, पण लपतही नाही. "फलंदाज बाद झाली" म्हटलं की क्रियापदच चहाडी करतं. इंग्रजीचं बरं आहे, नामाला व्याकरणातलं लिंग नाही, त्यामुळे प्रत्यय उडवला की काम झालं. फ्रेंच आणि जर्मन बायकांनी याच प्रश्नाला नेमकं उलट उत्तर दिलंय: आम्हाला पुल्लिंगी नावात बसवू नका, आमचं वेगळं नाव द्या. फ्रेंच अकादमीने वर्षानुवर्षं विरोध करून शेवटी २०१९ मध्ये व्यवसायांच्या स्त्रीलिंगी नावांना मान्यता दिली. जर्मनीत 'लेहरेरिन' (शिक्षिका) म्हणणं हे पुढारलेपण आणि इंग्लंडात 'पोएटेस' म्हणणं हे मागासलेपण. दोन्हीकडच्या स्त्रीवादी आपापल्या जागी बरोबर.

मराठी अधलीमधली. लेखिका, शिक्षिका, कवयित्री चालतात. आमदार, सरपंच, मंत्री सगळ्यांना एकच. आणि तो 'ईण' प्रत्यय बघा. पाटलीण, मास्तरीण, डॉक्टरीण. यातली पाटलीण स्वतः पाटीलकी करत नाही, ती पाटलाची बायको असते. इंग्रजीतही हेच झालंय. 'मेयरेस' म्हणजे मेयरची बायको. 'ॲम्बॅसडरेस'चंही तेच. ज्या बाईने स्वतः ते पद मिळवलंय तिला हा प्रत्यय का खुपतो हे मराठी माणसाला तरी समजावून सांगावं लागू नये.

चहाबाज

महावितरणने लाइनमनला 'जनमित्र' करून टाकलं, सगळा वाद एका फटक्यात मिटवला. वीज गेल्यावर लोक जे म्हणतात त्याचं लिंग कोणी तपासत नाही.

पिंपळपान

मी हौशी नाटकवाली, त्यामुळे 'ॲक्ट्रेस'वर बोलणं भाग आहे.

इंग्लंडमध्ये १६६० पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर बायका नव्हत्या, पोरंच स्त्रीभूमिका करायची. (आपल्याकडे बालगंधर्वांपर्यंत तेच.) बायका आल्या आणि पुढची कित्येक वर्षं 'ॲक्ट्रेस' या शब्दाला एक वास चिकटून राहिला. आपल्या 'नटी'ला जो आहे तोच. त्यामुळे आजच्या मुली 'आय ॲम ॲन ॲक्टर' म्हणतात ते मला कळतं.

पण मग पुरस्कारांचं काय? बर्लिन महोत्सवाने २०२१ पासून अभिनयाची बक्षिसं स्त्री-पुरुष न पाहता द्यायला सुरुवात केली, छान झालं. आता ब्रिट अवॉर्ड्सचं बघा. संगीतातले. २०२२ मध्ये त्यांनी पुरुष गायक आणि स्त्री गायिका असे दोन पुरस्कार एकत्र करून 'आर्टिस्ट ऑफ द इयर' केला. पहिल्या वर्षी ॲडेलला मिळाला, टाळ्या. दुसऱ्या वर्षी नामांकनं पाच आणि पाचही पुरुष! मग पुढच्या खेपेला नामांकनं दहा केली. ऑस्करवाले अजून 'बेस्ट ॲक्ट्रेस'ला हात लावत नाहीत त्यामागे हीच भीती आहे. @खारीबुंदी, नाव एक केलं की भेद उघडा पडतो म्हणालात. उघडा पडला खरा, पण ज्या बाईचं नामांकन गेलं तिला त्याचं काय?

खारीबुंदी

@पिंपळपान, नोकरी आणि बक्षीस यांत मी फरक करीन. बक्षिसाच्या जागा मोजक्या आणि देणाऱ्याच्या मर्जीच्या, तिथे दोन रकाने हे आरक्षणासारखं संरक्षण होतं. नोकरीत ते कुंपण होतं. ब्रिट अवॉर्ड्सवाल्यांनी रकाना काढला आणि परीक्षक मंडळींच्या सवयी तशाच ठेवल्या.

@टेम्सकाठ, सिस्टरचं उदाहरण आवडलं. एकाच बँडमध्ये दोघांना बसवलंय म्हणूनच तिथे नाव निरुपद्रवी झालंय असं मला वाटतं. एअर इंडियात बँडच दोन होते.

@सातपुडा, "काय फरक पडला" यावर: अमेरिकेत १९७३ मध्ये सँड्रा आणि डॅरिल बेम यांनी टेलिफोन कंपनीच्या जाहिराती घेऊन प्रयोग केला होता. 'लाइनमन', 'फ्रेममन' या पुरुषी थाटात लिहिलेल्या जाहिराती, त्याच जाहिराती तटस्थ भाषेत, आणि त्याच मुद्दाम बायकांना उद्देशून. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींना दाखवल्या. काम तेच. पण तटस्थ भाषा दिसली की अर्ज करावासा वाटणाऱ्या मुली वाढल्या, आणि थेट उद्देशून लिहिल्यावर आणखी वाढल्या. मॅनहोलमध्ये आधीच उतरलेल्याला फरक पडत नसेल. उतरायचं की नाही हे ठरवणारीला पडतो.

सातपुडा

प्रयोगाचा मुद्दा मान्य, होस्टेसच्या केसचाही. पण तरीही सांगतो, वरून लादलेले शब्द टिकत नाहीत. 'चेअरपर्सन' बघा, आला तेव्हा केवढा गाजावाजा. आता स्वतः इंग्रज लोकच त्याला कंटाळून 'चेअर'वर आले. आणि 'चेअरपर्सन' बहुतेक वेळा बाईलाच म्हणायचे, पुरुष असला की चेअरमनच! म्हणजे तटस्थ शब्द काढला आणि त्याचं आपोआप स्त्रीलिंग झालं. 'स्पोक्सपर्सन'चीही तीच रड.

कोर्टकचेरी

यात मात्र @सातपुडांशी सहमत. आपल्या संसदेतली लेखी उत्तरं "नो, सर" ने सुरू व्हायची, अध्यक्षस्थानी कोणीही असो. महाराष्ट्रातून गेलेल्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी २०२२ मध्ये पत्र लिहून हरकत घेतली, आणि राज्यसभा सचिवालयाने पुढच्या अधिवेशनापासून उत्तरं तटस्थ भाषेत देण्याचं मान्य केलं. 'सर'च्या जागी दुसरा शब्द शोधत बसले नाहीत, 'नो' म्हणून थांबले. गाळता येण्यासारखं असेल तर गाळावं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

टेम्सकाठ

मेयरेसचा विषय निघालाय म्हणून एक ताजी भर. लंडनमधल्या 'सिटी' या जुन्या भागाच्या लॉर्ड मेयरपदावर १९८३ मध्ये पहिल्यांदा बाई आल्या, मेरी डोनाल्डसन. त्या 'लॉर्ड मेयर'च म्हणवून घ्यायच्या, कारण 'लेडी मेयरेस' म्हणजे लॉर्ड मेयरची बायको. दुसऱ्या फियोना वुल्फ, २०१३, त्याही लॉर्ड मेयर. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसऱ्या आल्या, सुझन लँगली. त्यांनी 'लेडी मेयर' हे नाव घेतलं. 'मेयरेस' नाही, 'लेडी मेयर'. आठ शतकांच्या परंपरेत पहिल्यांदाच.

सातपुडा

म्हणजे चाळीस वर्षं "आम्हाला लॉर्ड म्हणा", आता "लेडी म्हणा". धागाकर्तीच्या स्टाइल शीटमध्ये हे कुठे बसवणार?

खारीबुंदी

बसवलंय. आमच्या शीटच्या शेवटी एक ओळ आहे, व्यक्ती स्वतःला जे म्हणवते तेच लिहावं. लँगली लेडी मेयर, डोनाल्डसन लॉर्ड मेयर, दोन्ही एकाच परिच्छेदात आल्या तरी.

लेगबाय

आणि क्षेत्ररक्षणातल्या 'थर्ड मॅन' या जागेचं काय ठरलं? काही समालोचक नुसतं 'थर्ड' म्हणायला लागलेत. दिवसअखेर चांगल्या फलंदाजाला वाचवायला पाठवतात त्या 'नाईटवॉचमन'ला अजून कोणी पर्याय सुचवलेला ऐकला नाही.